तिसऱ्या धबधब्याच्या वर

३ जून, सोमवार

कानाएने ही वही टपालाने पाठवली. सोबत चिठ्ठी: "आई, तू दिवसातून तीनदा फोन करतेस. त्यातला दोन वेळचा मजकूर यात लिहीत जा." पोटची पोर ही अशी. बरं, लिहिते.

मुद्द्याचं आधी. मात्सुमोतो शहरात तिने तिच्या घरातली खालची खोली आमच्यासाठी रिकामी करून ठेवली आहे. तिथून दवाखाना चार मिनिटांवर. इथे दवाखाना दीड तासावर आणि गावात उरलेली घरं अकरा. गेल्या हिवाळ्यात छपरावरचं बर्फ ढकलताना हे घसरून खाली आले. नशीब, बर्फातच पडले. त्यांना बाहत्तरावं चालू आहे, मला सदुसष्टावं. ऑक्टोबरात, पहिलं बर्फ पडायच्या आत इथून हलायचं, असं मी ठरवलं आहे. हे आले तर दोघं, नाही तर मी एकटी. कानाएला तसं सांगूनही टाकलं.

यांना सांगितलं तर हे हो म्हणाले नाहीत आणि नाहीही म्हणाले नाहीत. मुळात बोलका माणूस नव्हेच, पण बेचाळीस वर्षांत एवढं गप्प मी यांना पाहिलेलं नाही. जेवले, काठी उचलली आणि ओढ्यावर गेले.

११ जून, मंगळवार

माझं मुळ्याच्या लोणच्याचं लहान पिंप गायब! सगळं स्वयंपाकघर उपसलं. शेवटी लाकडाच्या खोपटात सापडलं, घासूनपुसून लख्ख, आणि झाकणाला गिरमिटाने सात भोकं पाडलेली.

"अहो, हे काय केलंत?"

"लागतोय."

"कशाला?"

"ओढ्यावर."

"ओढ्यावर लोणचं घालणार आहात का?"

हे बाजूला बसून पक्कड घेऊन गळ चेपत होते. गळाच्या टोकाला जो उलटा काटा असतो, ज्यामुळे मासा निसटत नाही, तो एकेका गळाचा चेपून सपाट करत होते. म्हणजे मासा निसटावा म्हणून खटपट? म्हातारपणी माणसाचं डोकं फिरतं असं ऐकलं होतं, पण इतक्या टापटिपीने फिरतं हे ठाऊक नव्हतं.

२० जून, गुरुवार

या आठवड्यात हे तीनदा गेले. ऊन असलं की घरी बसतात, पायताणं दुरुस्त करतात. ढग आले, भुरभुर सुरू झाली की पाठीला पिंप बांधून पहाटे निघालेच. येतात दुपारी, बाह्या खांद्यापर्यंत भिजलेल्या, पाठीवर पट्ट्यांचे लाल वळ, आणि टोपलीत मासा नाही.

हा माणूस एके काळी एका सकाळी बारा-बारा इवाना मासे आणायचा. गळाला दोरा-पिसं बांधून केलेली खोटी माशी यांच्यासारखी पाण्यावर टाकणारा या खोऱ्यात दुसरा नाही, असं शेजारचे ओतोमात्सु आजोबा म्हणतात, आणि ते कुणाची स्तुती करून जीभ झिजवणारे नव्हेत.

"मिळाला नाही का मासा?" मी विचारलं.

"मिळाला."

"मग कुठे आहे?"

"भूक लागलीय," म्हणाले.

गेल्या पावसाळ्यात दरड कोसळून ओढा अर्धा गाळाने भरला. उरलेल्या अर्ध्यावर पुढच्या वर्षी गाळ अडवायला सिमेंटची भिंत येणार आहे. कदाचित मासेच नाहीत आणि यांना ते कबूल करवत नाही. पण मग "मिळाला" कशाला म्हणायचं? कुठेतरी पाणी मुरतंय.

२ जुलै, मंगळवार

आता सगळा उलगडा झाला. किंवा सगळाच गोंधळ झाला.

गावाची फिरती सूचनापाटी द्यायला आज वरच्या पाड्यावर गेले. तिथे आता एकटी मिसाओ राहते. नवऱ्याला जाऊन सहा वर्षं झाली. वय एकोणसाठ, केस अजून काळे. (काळे केलेले. पण करते तरी.)

पाटी हातात घेता घेता म्हणते कशी, "तुमचे हे परवा येऊन गेले ना."

"हे? इथे?"

"येतात की हल्ली. पाणी घ्यायला. आमच्या पन्हाळीचं पाणी बर्फासारखं गार असतं, ते त्यांना बरं पडतं." आणि हसली. "बसतात दोन मिनिटं, मी चहा विचारते, नको म्हणतात. घाई असते त्यांना."

पाणी! आमच्या घरी नळ आहे, मागे झरा आहे, आणि हा गृहस्थ तासभर चढून एका विधवेच्या दारचं पाणी प्यायला जातो. तिने तरी धड काही दुसरं सांगायचं. मी सूचनापाटीवरची सही तिच्याकडून नीट करून घेतली, कारण काम ते काम, आणि खाली आले. वाटेत दोनदा बसावं लागलं. गुडघ्यांमुळे नव्हे.

रात्रीच्या जेवणाला यांना भात वाढला आणि शेजारी पाण्याचा तांब्या आपटला. हे पाणी प्यायले. काहीच कळलं नाही यांना, किंवा सगळंच कळलं.

५ जुलै, शुक्रवार

कानाएला सांगावं की नाही? नकोच. ती हसेल, आणि हसली नाही तर ते जास्त वाईट.

यांच्या मागे जायचं, डोळ्यांनी बघायचं, मगच बोलायचं. पण बाईमाणूस ओढ्याकाठी उगाच फिरताना दिसली की सगळी अकरा घरं विचारणार. इथे बायका ओढ्यात उतरत नाहीत. डोंगराची देवी बायकांवर जळते म्हणे, कारण ती स्वतः दिसायला बेताची आहे. मी सदुसष्टाव्या वर्षी तिला जळण्यासारखं काय देणार आहे? पण कारण तर हवं. हातात काठी असली की कुणी काही विचारत नाही. म्हणून ओतोमात्सु आजोबांकडे गेले आणि म्हटलं, मला माशीने मासे धरायला शिकवा.

आजोबा सत्त्याऐंशीचे. चाळीस वर्षं खालच्या गरम झऱ्यांकाठच्या खाणावळींना इवाना पुरवत होते, त्यावर तीन मुलं शिकवली. ते माझ्याकडे बघत राहिले.

"इसामू शिकवत नाही?"

"त्यांना कळू द्यायचं नाही."

"भांडण?"

"गंमत," मी म्हटलं.

"गंमत म्हणे. तोंड तर लोणचं खाल्ल्यासारखं झालंय. उद्या ये. शाळेच्या स्वयंपाकघरात होतीस ना? हात चालत असेल तर जमेल."

१५ जुलै, सोमवार

सहा दिवस शिकून झाले. यांना सांगते की आजोबांचं घर आवरायला जाते. आजोबांचं घर माझ्या घरापेक्षा चकचकीत आहे.

पहिले दोन दिवस नुसत्या माश्या बांधल्या. गळ बोटांत धरायचा, दोरा गुंडाळायचा, अंगाला रानातल्या नेच्याची लोकर लावायची आणि पुढे तितराच्या पिसाचा घेर. नेचे मी दर वर्षी खायला वाळवते आणि वरची लोकर फेकून देते. चाळीस वर्षं मासे धरायचं सामान केरात टाकत होते.

"ही कोणत्या किड्यासारखी दिसते?" मी विचारलं.

"कोणत्याच नाही."

"मग मासा फसतो कसा?"

"मासा फसत नाही. त्याला वाटतं, काहीतरी जिवंत आहे. तेवढं पुरतं."

मग काठी. साधा बांबू, टोकाला घोड्याच्या केसांची वळलेली दोरी, तिच्या टोकाला माशी. दोरी गुंडाळायचं चक्र नाही, काही नाही. मनगटाने फेकायची, आणि पाण्याला आधी फक्त माशी टेकली पाहिजे, दोरी नाही. माझी आधी दोरी टेकते, मग काठी, आणि एकदा मीही टेकले. आजोबा काठावर बसून, "वरण ढवळतेस का? वरण ढवळतेस का?" म्हणत होते.

निघताना त्यांनी बजावलं, "पहिल्या धबधब्याखाली शीक. फार तर दुसऱ्यापर्यंत जा. तिसऱ्यापर्यंतच मासा आहे. त्याच्या वर नुसतं पाणी. तिथे जाऊ नकोस."

मी मान डोलावली. पण बेचाळीस वर्षं मासेमाराशी संसार केला आहे. "तिथे काही नाही" असं मासेमार जिथे म्हणतो, तिथेच सगळं असतं. खरी जागा हे लोक मरतानाही सांगत नाहीत.

१ ऑगस्ट, गुरुवार

मिळाला!

दुसऱ्या धबधब्याखाली, दगडामागच्या वळणात. दोरी वाहता वाहता नुसती थांबली. आजोबांनी सांगितलं होतं, दोरी थांबली की विचार करायचा नाही, मनगट उचलायचं. मी विचार न करता उचललं, आणि पाण्यातून कुणीतरी माझा हात धरून ओढल्यासारखं झालं. वीतभर इवाना, पाठीवर पांढरे ठिपके, पोट पिवळं. मी मोठ्याने ओरडले. आजूबाजूला कुणी नव्हतं.

हा आनंद या माणसाने इतकी वर्षं एकट्याने घेतला आणि मला एकदाही चल म्हटलं नाही. त्याचा राग आला. मिसाओच्या रागाहून जरा वेगळा. मासा ओतोमात्सु आजोबांना दिला. घरी नेला असता तर पकडले गेले असते.

१५ ऑगस्ट, गुरुवार

पितरांच्या सणाला कानाए दोन दिवस आली होती. थडगी धुऊन झाली, दिवे लावून झाले. जेवताना तिने सरळच विचारलं, "बाबा, ऑक्टोबरात येताय ना?"

हे भाताकडे बघत म्हणाले, "सप्टेंबर संपू दे."

"संपू दे म्हणजे? हो की नाही?"

"संपू दे."

जाताना बसच्या थांब्यावर कानाए म्हणाली, "आई, त्यांना यायचं नाहीये. सरळ सांगत नाहीत इतकंच."

मीही तेच म्हटलं. मग बस गेल्यावर थोडा वेळ तिथेच उभी राहिले. नको असेल तर नको म्हणावं. मला काय, मी ऐकून घेईन, चिडेन, जाईन. पण हे धड चिडूही देत नाहीत. सप्टेंबरात माशांचा हंगाम संपतो. तोवर वर जायला निमित्त आहे, एवढाच त्याचा अर्थ मला लागतो.

२९ ऑगस्ट, गुरुवार

आज लांबून यांच्या मागे गेले. मिसाओच्या दारी हे थांबले खरे. पिंप उतरवलं, आतलं पाणी ओतलं, पन्हाळीखाली धरून पुन्हा भरलं. ती बाहेरही आली नाही. मग पुढे चालू पडले. हे मला अपेक्षित नव्हतं.

तिसऱ्या धबधब्यापाशी वाट संपते. वीस हात सरळ कडा आहे. हे बाजूच्या मुळ्या धरून, पाठीवर ते जड पिंप घेऊन चढले. बाहत्तराव्या वर्षी! एकदा पाय निसटला तेव्हा माझा हात आपोआप तोंडावर गेला. वर गेल्यावर वाकून त्यांनी झाकणाच्या भोकांना कान लावला. पिंपाला कान! मग झाडीत दिसेनासे झाले.

वर कोण आहे? वर तर घरच नाही. मी परत आले. आता मिसाओवर रागावता येत नाही आणि कुणावर रागवायचं ते समजत नाही.

२१ सप्टेंबर, शनिवार

आज मी जिंकले. बोटं भाजली आहेत, पाय थरथरतायत, तरी लिहिणारच.

हे सकाळच्या बसने दाताच्या डॉक्टरकडे गेले. मी लगेच काठी घेऊन निघाले. तिसऱ्या धबधब्याशी पोचायला दहा वाजले. त्या मुळ्या धरून मी कशी चढले ते देवीलाच ठाऊक. खाली बघितलं नाही. शाळेत पन्नास पोरांच्या आमटीचं भांडं उचलायचे, तो दम अजून अंगात आहे.

वर झोपडी नाही, चूल नाही, बाईच्या चपला नाहीत. नुसता एक शांत डोह. काठाला एक सपाट दगड, बसून बसून झिजल्यासारखा. आणि डोहाच्या तोंडाशी उथळ पाण्यात कुणीतरी खडे वेचून, धुऊन, तांदूळ निवडल्यासारखे एकसारखे पसरून ठेवलेले. हा काय खेळ?

मग डोहात सावली हलली. मासा! मग दुसरी. म्हटलंच होतं मी! नुसतं पाणी म्हणे! आजोबा काय नि हे काय, दोघेही बुवा एकाच माळेचे मणी. घरी रिकामी टोपली आणि इथे यांचा खजिना.

माशी टाकली आणि टेकायच्या आत आला. दुसरी टाकली, तोही आला. मधल्या सुट्टीची घंटा झाल्यावर पोरं धावतात तसे येत होते. माणसाची त्यांना भीतीच नव्हती. दोन तासांत नऊ! मोठे, हातभर, गुबगुबीत. एक गंमत, सगळ्यांच्या ओठाला बारीकसा जुना व्रण होता. इथल्या माशांची जातच तशी असेल.

घरी येऊन साफ केले तर सहा माद्या, पोटं नारिंगी अंड्यांनी गच्च भरलेली. अंडी सोया सॉसमध्ये मुरत घातली, उद्या कानाएला पाठवते. मासे मीठ चोळून काड्यांना टोचले आणि चुलीभोवती उभे केले. हे आले तेव्हा कातडी तडतडत होती.

दारातच थांबले. काड्या मोजल्या. ओठ हलताना मी पाहिले.

"नऊ," म्हणाले.

"नऊ! आणि कुणी धरले ते विचारा."

"कुणी?"

"मी. माशीने. तिसऱ्या धबधब्याच्या वर. तुमचं गुपित मला कळलंय."

"कळलं?" माझ्याकडे असं बघितलं की मी हातातली काडी फिरवायची विसरले.

"कळलं म्हणजे काय! चांगली जागा बायकोपासूनही लपवता!"

हे आत आले. मग बसले. विचारलं, "सोडलास का एखादा?"

"सोडायचा कशाला? तुम्ही मला काय शिकाऊ समजलात?"

यांनी तीन मासे खाल्ले. डोकी, काटे, शेपट्या, काहीसुद्धा ठेवलं नाही. "छान भाजलेस," म्हणाले. जेवण झाल्यावर हात जोडतो तसे जोडले, पण आज फारच वेळ. मग बाहेर लाकडांच्या राशीशी जाऊन बसले.

एवढं काय लागलं मनाला? बायकोने जास्त मासे धरले म्हणून? पुरुषाची जात.

२३ सप्टेंबर, सोमवार

दोन दिवस ढगाळ, भुरभुर, त्यांच्या आवडीचं हवामान, आणि हे घरात. पिंप धुऊन स्वयंपाकघरात आणून ठेवलं. सात भोकांत लाकडाच्या खुंट्या ठोकून बुजवलीत. "लोणचं घाल," म्हणाले.

म्हणजे प्रकरण संपलं. कसलं होतं ते मला अजून ठाऊक नाही, पण संपलं. मी जिंकले असं लिहिलं होतं मागे. मग घरात माणूस गेल्यासारखं का वाटतंय?

२४ सप्टेंबर, मंगळवार

ओतोमात्सु आजोबांकडे बढाई मारायला गेले. अर्धं सांगून झालं आणि त्यांनी चहाचा पेला खाली ठेवला.

"तिसऱ्याच्या वर?"

"नऊ! तुम्ही म्हणत होतात नुसतं पाणी."

"सुमिए, मी खोटं नव्हतो बोललो. वीस हात सरळ कडा आहे. मासा चढेल का त्यावर? हा डोंगर झाल्यापासून तिथे मासा नाही."

"पण मी धरले ना!"

"मग कुणीतरी नेले असतील."

"मासे कुणी कसे नेईल?"

"पाठीवरून. गार पाण्यात, वाटेत पाणी बदलत. ढगाळ दिवशी, नाहीतर तापून मरतात. माझ्या बापाने नेले होते पलीकडच्या ओढ्यात." ते माझ्याकडे बघत नव्हते. "आपला ओढा जायला लागला की माणूस नेतो. आणि पिल्लं दिसेपर्यंत कुणाला सांगायचं नाही, घरातसुद्धा नाही. तोंडातून निघालं की चार काठ्या तिथे पोचतात. आईला तिसऱ्या वर्षी कळलं."

 आधी खरंच कळलं नाही. मग झाकणाची भोकं आठवली. चेपलेले गळ. मिसाओची पन्हाळ. धुतलेले खडे. ते मासे अंडी घालतील म्हणून निवडून ठेवले होते, पुढच्या महिन्यात. ओठावरचे व्रण यांच्याच गळाचे.

सहा माद्या.

घरी आले तर फोन वाजत होता. कानाए. "आई, अंडी काय झकास झालीत गं! पोरांनी बाटली पुसून खाल्ली. अजून आहेत का?"

मी म्हटलं, नाहीत. ती अजून काहीतरी बोलत होती, मी फोन ठेवला.

२५ सप्टेंबर, बुधवार

सकाळी यांच्यासमोर जाऊन बसले. लाज इतकी वाटत होती की यांच्या पायांकडे बघतच विचारलं.

"किती नेले होते?"

यांनी वर पाहिलं. कुणी सांगितलं ते विचारलं नाही. "चौदा."

"म्हणजे पाच राहिले."

"असतील. त्यात माद्या किती, कोण जाणे."

"मला का नाही सांगितलंत?"

"सांगायचं नसतं."

"मग रागवा तरी! चार महिने पाठ सोलून घेतलीत आणि मी ते मीठ लावून भाजले. वर तुम्हाला वाढले. आणि तुम्ही खाल्लेत!"

"टाकायचे होते का?" म्हणाले. आणि थोड्या वेळाने, "भाजलेस मात्र छान."

मी रडले. सांगायला हरकत नाही, वही माझीच आहे. यांनी माझ्याकडे टॉवेल सरकवला.

मग विचारलं, जे सगळ्या उन्हाळ्यात विचारायला हवं होतं. "यायचंच नव्हतं तर सरळ सांगायचं. मासे वर नेऊन इथेच राहायचं ठरवलं होतंत ना?"

यांना खरंच समजलं नाही मी काय म्हणते ते. "राहायचं? खाली भिंत येतेय. आपण गेल्यावर त्यांच्याकडे कोण बघणार? वर नेले की आपले आपण राहतील, कुणाची गरज नाही. म्हटलं सप्टेंबरपर्यंत उरकून घ्यावं."

"उरकून? कशासाठी?"

"तूच म्हणालीस ना, ऑक्टोबर."

चार महिने मी या माणसाच्या मागे लपूनछपून फिरले. चार महिने हा माणूस माझ्याबरोबर यायची तयारी करत होता. आणि तयारी पुरी झाली तेव्हा मी ती चुलीवर चढवली. आता रागवायला माझ्याशिवाय कुणी उरलं नाही, आणि मला स्वतःवरही धड रागावता येत नाही. नुसतं सुन्न झालंय.

३० सप्टेंबर, सोमवार

हंगामाचा शेवटचा दिवस.

चार दिवस दोघंही पहाटे ओढ्यावर होतो, खुंट्या पुन्हा उपटून. देवीला काय वाटायचं ते वाटो. यांची नजर हल्ली बारीक दोरीवर टिकत नाही, हे मला तिथे उभं राहिल्यावर कळलं, म्हणून मी दोरी बघायची आणि "आता" म्हणायचं, यांनी मनगट उचलायचं. दरड पडलेल्या ओढ्यात उरलेत तरी किती? चार दिवसांत तीन मिळाले. एक माझा, दोन यांचे. मादी एकच, तीही लहान. मिसाओच्या दारी पाणी बदललं. ती म्हणाली, "आज जोडीने?" मी तिला नीट वाकून नमस्कार केला. तिला तो का केला ते समजलं नसणार.

वर डोहात बराच वेळ बघत बसलो. दोन सावल्या दिसल्या, कदाचित तीन. धुतलेल्या खड्यांवर कुणी नव्हतं.

उतरल्यावर हे म्हणाले, "झालं. उद्यापासून सामान बांधू."

"आणि हे मासे?"

"जगले तर जगले. तुला कबूल केलंय."

"तुम्ही कधी कबूल केलंत? तुम्ही तर तोंडच उघडलं नाही."

"मनात केलं होतं."

पुढच्या वर्षी भिंतीचं काम सुरू होण्याआधी एक हंगाम आहे, मार्चपासून. एक बाई दोरी बघेल आणि एक म्हातारा काठी धरेल तर आणखी दहा-बारा नेता येतील. छपरावर चढायला मी यांना देणार नाही, खालच्या गावच्या माणसांना बोलवू. मला इथे राहायचं नाही. हिवाळ्याचा विचार केला तरी गुडघे दुखतात. मात्सुमोतोची ती खोली मी मनात तीनदा लावून झाले आहे, पडद्यांसकट. हे सगळं खरं आहे, तरी फोन मीच लावला.

कानाएने उचलताच विचारलं, "बाबा नाही म्हणाले ना? मला माहीतच होतं."

"नाही गं," मी म्हटलं. "बाबा हो म्हणालेत. नाही मी म्हणतेय."